आमच्या ओट्यापुढचे टेम्पो

पेठेत दिवसा शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांना शुल्क लागलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. नियम चांगलाच होता, खोटं कशाला बोलू? पेठेतली कोंडी सुटली, धूर कमी झाला. फक्त पेठेची हद्द नेमकी आमच्या घरापाशी संपते. मग शुल्क वाचवायला जळगाव-धुळ्याचे टेम्पो आमच्याच ओट्यापुढे थांबू लागले. तिथून माल हातगाड्यांवर चढायचा. हातगाडी येईपर्यंत टेम्पो उभा, आणि इंजिन चालू.

घरात आई दम्याची. मागच्या खोलीला खिडकी नाही म्हणून तिची खाट रस्त्याकडच्या खोलीत.

मी शिवणयंत्र सोडून बाहेर जायची आणि कडाकडा भांडायची. "अहो, बंद करा की ते धूड! माणसं राहतात इथं!"

ड्रायव्हर म्हणायचे, "ताई, सेल्फ गेलाय. बंद केली तर परत चालू कोण करील?"

तेही खरंच होतं. जुन्या गाड्या, धक्क्याशिवाय हलत नसत. एकटा माणूस स्टिअरिंगवर बसेल की मागून ढकलेल?

एके सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून उतरले. तेलगिरणीतून रिटायर झालेला माणूस, हातांना काम हवंच होतं. म्हणाले, "तू बंद कर रे भो. धक्का मी मारतो."

झालं! आबांच्या दारात गाडी बंद करायची, निघताना आबा धक्का मारतात, हे सगळ्या ड्रायव्हरांना कळलं. त्यांचंही डिझेल वाचायचं. आई खाटेवरून बघायची आणि हसायची, "म्हातारपणी हमाली सुचली का?" दुपारी तिला शांत झोप लागू लागली. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

पण धक्का मारणारा उभा असतो कुठे? गाडीच्या मागे. गाडी सुरू होताना काळा भपका निघतो तो थेट त्याच्या तोंडावर. एवढी साधी गोष्ट, आमच्या कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. दिवाळीनंतर आबांना खोकला लागला. हळद-दूध झालं, अडुळसा झाला. शेवटी डॉक्टरांनी फुप्फुसाचं नाव काढलं आणि धुरापासून लांब राहा म्हणून बजावलं. आबा कुठले ऐकतात! "ती श्वास घेतेय ना?" म्हणाले आणि बंडी चढवून पुन्हा रस्त्यावर. मला असा संताप आला की हातातली कात्री भिंतीवर फेकून मारली.

परवा आबा आंघोळीला गेले होते. टेम्पो लागला. ड्रायव्हर इंजिन बंद करणार, तेवढ्यात आई भिंत धरत ओट्यावर आली. नाकाला पदर.

"भाऊ, बंद नको करू. चालूच राहू दे."

"अक्का, पण तुम्हाला त्रास..."

"माले सवय शे. त्यासले धक्का मारू नको देऊ."

कसली सवय! एवढं बोलतानाच तिला धाप लागली. मी धरून आत आणलं, खिडकी लावली.

आबा डोकं पुसत बाहेर आले. "गाडी का चालू शे?"

आईने माझा हात दाबला.

"हातगाडी आलीच आहे, आबा," मी म्हणाले. "लगेच निघतोय तो."