सोनाबाईचं पत्र मी वाचलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही — त्याला ठाऊक असणारच, पण आपण होऊन कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

मुळशीत, धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात मी मास्तर होतो. गावचं टपालही शाळेतच यायचं. म्हणजे पत्रं वाटायची मी, वाचून दाखवायची मी आणि लिहायचीही मीच. पगार बेताचा. पण मला एक नाद लागला — जमिनीचा. शनिवारी शाळा सुटली की सायकल काढायची नि गावोगाव जागा बघत हिंडायचं. पुण्याची बडी माणसं बंगल्यासाठी पाण्याकाठची जागा विचारत येऊ लागली होती. आज घ्यावी, चार वर्षांनी विकावी! नोकरी सांभाळून दोन तुकडे घेतलेही, बायकोच्या नावावर. लोक म्हणायचे, गुरुजी हुशार. मलाही तसंच वाटायचं.

तिसरा तुकडा सोनाबाईचा. बापाची ती एकुलती एक, म्हणून त्याचं उताराचं रान तिच्या नावावर आलेलं. खाली पाणी, वर सडक — असली जागा पुन्हा मिळायची नाही. तिचा नवरा धोंडिबा मुंबईत जेवणाचे डबे पोचवायचा. "धन्याला इचारल्याबिगर मी अंगठा द्यायची न्हाई," ती म्हणाली. रास्तच होतं. तिच्या वतीनं पत्र मीच लिहिलं, आणि खरं लिहिलं. तोवर माझ्या मनात काही नव्हतं. नव्हतं ना? आता खात्री देववत नाही.

उत्तर आलं, कुणाकडून तरी पेन्सिलीनं लिहून घेतलेलं. सोनाबाई पदर सावरून शाळेच्या पायरीवर बसली. पत्रात होतं — रान विकू नकोस, म्हातारपणी आपल्याला तेच आहे.

आणि मी वाचलं — रान गुरुजींना देऊन टाक, त्या पैशात मुंबईला खोली घेऊ, तुला इकडे आणतो.

अडखळलो नाही हो! खोलीची थाप तर मी आधी योजलीही नव्हती, वाचता वाचताच सुचली. हे माझ्याच तोंडून निघालं? अजून अंगावर काटा येतो. तिचा चेहरा असा फुलला की तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. दस्ताला लागेल म्हणून पत्र ठेवूनही घेतलं. आठवड्यानं पौडला तालुक्याच्या कचेरीत जाऊन तिनं अंगठा दिला. भाव मी चोख दिला होता — असं वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आलो. जणू त्यानं काही धुतलं जातं.

गावच्या जत्रेला धोंडिबा आला. सोनाबाईला नि चारचौघांना घेऊन तो शाळेच्या ओट्याशी उभा राहिला. "गुरुजी, मी इकू नको म्हणून धाडलं व्हतं. तुमी काय वाचलं?"

माझ्याआधी सोनाबाईच बोलली — "गुरुजी कशाला खोटं वाचतील? माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल."

मी हबकलो. ती मला वाचवत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं! 'नाही, चूक माझी' — एवढंच म्हणायचं होतं मला. मी काय केलं? मान डोलावली. हो, डोलावली. हे एवढंसं वाक्य तोंडून निघायला इतकी वर्षं गेली.

धोंडिबा तिचं तोंडही न बघता मुंबईला निघून गेला. मनिऑर्डर बंद झाली, पत्र बंद झालं. मला हे पक्कं माहीत, कारण टपाल माझ्याच हातात यायचं. ते रान मी पुढं पुण्याच्या एका डॉक्टरांना दुपटीनं विकलं.

त्यानंतरच्या दिवाळीत सोनाबाई एक कोरं कार्ड घेऊन शाळेत आली. "ल्ह्या, गुरुजी," म्हणाली. "माझी लई चूक झाली. मी नीट ऐकलं न्हाई. पोटात घाला, पर एकडाव घरी या."

मी दौत उघडली. ती सांगत गेली तसं वळणदार अक्षरात लिहीत गेलो, एका शब्दाचीही फिरवाफिरव न करता. तिचा अंगठा घेतला, पत्ता घातला, कार्ड टपालात टाकलं.

उत्तर आलं नाही.