पक्षी डी ड्राइव्हमध्ये हलवले तेव्हा

खरं सांगा, घरचा कॉम्प्युटर कधी स्वयंपाकघरासारखा आवरायला काढलाय का तुम्ही? मी काढला होता. आज चहा पिता पिता सांगतेय, पण त्या संध्याकाळी घोटभर पाणी गिळवत नव्हतं.

आम्ही देवळीचे. आमच्या यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. रविवार आला की हिंगणीकडे जायचं, बोरच्या जंगलाच्या कडेला बसायचं आणि एका खंड्याचे चाळीस फोटो घेऊन यायचं. असे बारा वर्षांचे पक्षी आमच्या कॉम्प्युटरात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावातल्या शाळेत मुलांना दाखवायचे होते, आणि नेमका कॉम्प्युटर म्हणायला लागला, सी ड्राइव्ह भरली, जागा नाही. हे प्रोजेक्टर आणायला वर्ध्याला गेलेले. म्हटलं, एवढं तर आपणही करू.

नागपूरला लेकीला फोन लावला. ती म्हणाली, पिक्चर्स फोल्डरवर उजवं बटण दाब, प्रॉपर्टीज, मग लोकेशन, मग मूव्ह, आणि डी ड्राइव्ह दाखव. मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि तस्संच केलं. अर्धा तास हिरवी पट्टी सरकत होती. झालं की हो काम! आपल्याला आता कुठेही नोकरी लागेल, असं वाटायला लागलं.

इथेच उठायला हवं होतं. पण माझा स्वभाव डबे आवरणारीचा. तांदूळ एका कोठीतून दुसरीत घातले की जुनी कोठी पुसून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. डी ड्राइव्ह उघडून पाहिली, पक्षी होते. मग डावीकडच्या जुन्या पिक्चर्सवर टिचकी मारली, तर तिथेही तेच पक्षी. म्हणजे नेलेही आणि उरलेही? मग जागा कशी व्हायची? मी जुन्या जागेतले सगळे निवडले आणि पुसून टाकले.

पडद्यावरची कचऱ्याची बादली भरलेली दिसली. तीही रिकामी करणार, तेवढ्यात दिवेलागण झाली. देवाजवळ दिवा लागला की घरातला कचरा बाहेर टाकायचा नाही, लक्ष्मी जाते, ही आमची रीत. कॉम्प्युटरचा झाला तरी कचराच ना? म्हटलं, सकाळी टाकू.

दिवा लावून आले आणि नव्या घरात पक्षी कसे बसलेत ते कौतुकानं बघायला गेले. एक नाही. साधी चिमणीसुद्धा नाही.

बारा वर्षांचे रविवार, उद्याची शाळा, आणि हे घरी यायच्या वाटेवर. लेकीला पुन्हा फोन केला, रडतरडतच सगळं सांगितलं.

"आई, ते एकच खोली हाय वं. दारं दोन हायेत. तू एका दारातून गेली अन् सारी खोली झाडून आली."

"मंग आता?"

"बादली रिकामी केली काय?"

"नाई."

"तू? काऊन नाई केली?"

"दिवा लागला होता."

दिवेलागणीनंतर झाडू हातात घेतला म्हणून जिला मी लहानपणापासून रागावत आले, ती हसायला लागली ते थांबेचना. मग म्हणाली, बादली उघड, सगळे निवड, रिस्टोअर दाब, आणि हात मांडीवर ठेवून बस.

खंड्या आला, नीलपंख आला, धनेश आला. मी पदरानं डोळे पुसले, घाम पुसला. बाबाले सांगू नको, म्हणून लेकीला बजावलं. ती हो म्हणाली. हे आले, जेवले, काही बोलले नाहीत. सुटले बाई, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत शेवटचा फोटो दाखवून झाल्यावर यांनी मुलांना सांगितलं, की हे सगळे पक्षी काल संध्याकाळी कचऱ्याच्या बादलीत होते, आणि मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं.