हरलेल्या उमेदवाराचा आभार दौरा

शकुंतलाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली, ती त्या आमच्या घरी मत मागायला आल्या तेव्हा. आर्वीच्या शाळेतली नोकरी सोडून त्या विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या होत्या. चिन्ह शिलाई मशीन. आमच्या गावात, रोहण्यात, त्यांना पोलिंग एजंट मिळेना. मी बी.ए. होऊन घरीच बसलेलो, म्हणून वडिलांनी मला पुढे ढकललं आणि स्वतः बूथबाहेर टेबल मांडलं.

समोरच्या टेबलावर एका पक्षाचे बापू होते. त्यांच्या मुलाशी माझ्या बहिणीचं, सुनंदाचं, साक्षगंध झालेलं. दुपारी एका म्हातारीच्या हातात दोघांनीही आपापली चिठ्ठी कोंबली आणि होणारे व्याही अख्ख्या गावादेखत भांडले. संध्याकाळी बापूंचा निरोप आला, लग्न मोडलं. सुनंदानं अन्न सोडलं.

निकालात बापूंचा उमेदवार निवडून आला, ताईंचं डिपॉझिटही गेलं. आमच्या मतदारसंघात आजवर आभार दौरा काढला तो जिंकलेल्यांनीच, गुलाल उधळत. हरलेला महिनाभर तोंड दाखवत नसे. ताई मात्र दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं गावोगाव आभार मानायला निघाल्या, तेही जिथे मतं पडली नाहीत तिथे आधी. पराभव बाईंच्या डोक्यात गेला, असंच आम्हाला वाटलं.

रोहण्यात उतरल्यावर त्यांना लग्नाचं कळलं. आमच्याकडे चहाही न घेता त्या थेट बापूंकडे गेल्या. मी जीव मुठीत धरून मागे.

"बापू, मी हारली, तुमी जितले. निवडनूक सरली. आता पोरीची सोयरीक काऊन तोडता?"

सुपारी कातरत बसलेल्या बापूंनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमी हारून माह्या दारी आल्या, ताई. आता मी कसा नाई म्हनू? तिच्या बापाले सांगजा, मीच येतो."

आणि ते आले. लग्न थाटात झालं. पंगतीत दोन्ही टेबलांवरचे लोक वाढायला होते.

ताई पुढेही उभ्या राहिल्या, पडल्या, पण दौरा त्यांनी चुकवला नाही. गेल्या विधानसभेत माझ्या मेहुण्यांचा, म्हणजे बापूंच्या मुलाचा, उमेदवार पडला, आमचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या ताईंना शतायुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देत राहोत. निवडणुकीनं बंद केलेली बरीच दारं आमच्या मतदारसंघात अजून आहेत.