जुन्या रक्षकाची उरलेली कामे

माझ्या गुरूंनी वेदान्तावर लिहिलेली हस्तलिखित टिपणे त्यांच्या कन्येने अमडापूरहून मजकडे विश्वासाने पाठविली होती. ती संगणकावर उतरवून एकादशीपर्यंत मूळ पाने परत करावयाची, एवढा माझा शब्द होता. पाने इतकी जीर्ण की पुन्हा कोणी उलगडील अशी आशा नव्हती. जे उतरेल तेच मागे राहणार होते.

पहाटेची संध्या आटोपून मी टंकलेखनास बसे. संगणकाचे विषाणूंपासून रक्षण करणारे सॉफ्टवेअर बदलून नवी आवृत्ती बसविल्यापासून मात्र नेमके पाच वाजता पडद्यावर एक चौकट उघडे, 'फाईल सापडत नाही' असे सांगे, आणि यंत्र थिजून जाई. दोनदा अर्धे पान गेले. शेवटी बाजारातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्या मियाँभाईंना बोलाविले. वयाने पन्नाशीचे, हाताने अत्यंत हळुवार गृहस्थ.

दुपारी ते आले, दोन कळा दाबल्या आणि म्हणाले, "गुरुजी, जुना चौकीदार गेला, पण त्यानं लावून ठेवलेली कामं इथंच राह्यली. रोज पाचले त्याची हाक येते, अन् हाक ऐकायले कोणी नाही."

मला ते फार पटले. पूजेच्या आरंभी आवाहन केलेल्या देवतेला शेवटी निरोप द्यावा लागतो. येथे तो विधी राहून गेला होता.

"एकदमच उडवतो सगळे," ते म्हणाले.

"नको. एकेक वाचा. ते काय करते ते पाहू, मगच काढू."

"हाव. पण गुरुजी, लिस्ट मोठी हाय. ह्याची आरती कराची हाय का?"

चहा घेऊन आलेली आमची सौभाग्यवती म्हणाली, "आरतीच होणार बघा. यांना भाजी निवडायला दिली तरी प्रत्येक पानाला नमस्कार करतात."

मियाँभाई मनमोकळे हसले. मग ते एकेक काम उघडून कोणती फाईल बोलाविली जाते ते वाचून दाखवू लागले. फाईल जागेवर असेल तर काम ठेवायचे, नसेल तर काढायचे, हा नियम मीच घालून दिला. जुन्या रक्षकाची सात कामे अशी गेली. त्यानंतर एक निराळे आले. त्याला नाव नव्हते, नुसता आकडा होता. वेळ सकाळी सहाची.

"हे जुन्या चौकीदाराचं नाही वाटत. पण ह्याची बी फाईल नाही. ठेवू का काढू?"

"नियम तो नियम," मी म्हणालो. "काढा."

दुसऱ्या दिवशी पाच वाजले आणि काहीही उघडले नाही. त्या शांततेत मी शेवटचे प्रकरण सुरू केले आणि पाच दिवसांत पुरे केले. टिपणांची दुसरी नक्कल एका पेनड्राइव्हमध्ये असे; दशमीला तो सहज उघडून पाहिला, तर त्यात शेवटचे प्रकरण नव्हतेच. यंत्रात होते, पेनड्राइव्हमध्ये नव्हते. यंत्र मधल्या काळात बिघडले असते तर? आणि पाने तर उद्या जाणार.

फोन करताच मियाँभाई आले. पाहताच त्यांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, ते सहाचं काम तुमचं होतं! नक्कल काढाचं. कोणं लावलं होतं?"

तेव्हा आठवले. दिवाळीत मुलीने लावून दिले होते. नक्कल काढणारी फाईलही तिने पेनड्राइव्हमध्येच ठेवली होती.

"मग त्या दिवशी दुपारी पेनड्राइव्ह कुठं होता?"

"देवघरात," मी म्हणालो. "टिपणे त्यात आहेत ना. सकाळचे काम झाले की पोथीप्रमाणे रेशमी वस्त्रात बांधून ठेवतो."

ते म्हणाले, "आमच्या घरी कुराण शरीफ जुजदानाच्या कापडात बांधून ठेवतात, मले कळते. पण गुरुजी, तो कम्प्युटरच्या डब्यात लावला नाही तर त्याले कसा दिसन? मीच इचारायले पाह्यजे होतं."

"नियम माझा होता," मी म्हणालो, "तुम्ही तर विचारले होते."

त्यांनी काम पुन्हा लावले, या वेळी फाईल यंत्रातच ठेवली आणि कामाला ठसठशीत नाव दिले. नक्कल निघाली. पण माझे मन स्वस्थ झाले नाही. जे पाच दिवस मी न पाहता विश्वासावर सोडले, त्यात आणखी काय राहिले असेल?

एकादशीला गुरुकन्या आल्या. मी घडले ते सारे सांगितले आणि पाने त्यांच्यासमोर ठेवली.

"यंत्रात उतरलं म्हणता, पण ताडून पाहिलं का?" त्यांनी विचारले.

"नाही, ताई."

"बाबा तर नक्कल झाल्यावर एकाला मूळ धरायला लावायचे आणि दुसऱ्याला वाचायला. तुम्ही वाचा, मी धरते."

त्या दिवशी त्या परत गेल्या नाहीत. उपवासाची भगर करून सौभाग्यवतीही येऊन बसली. पहिल्याच पानावर मी एक ओळ गाळली होती. ताईंनी बोट ठेवले. मी ती भरली आणि पुढचे पान वाचू लागलो.