दोन किलोंचा फरक

बाजारात त्याला काटेवाला म्हणत. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. वजनांची जड पेटी खांद्याला लावून तो दुकानोदुकानी फिरे आणि काटा चुकत असला तर मालकाच्या तोंडावर सांगे. त्यामुळे त्याला मान भरपूर होता, चहा क्वचित मिळे.

त्याची मुलगी दहा वर्षांची. आजी तिला चिमणी म्हणे. शाळेच्या तपासणीत चिमणी अठ्ठेचाळीस किलो भरली आणि घरी चिठ्ठी आली: वयाच्या मानाने वजन जास्त, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. चिठ्ठी चिमणीनेच वाचून दाखवली. तिचा अर्थ वर्गातल्या मुलांनी तिला आधीच समजावला होता.

"तीन महिन्यांत कमी होईल ना, बाबा?"

"होईल की."

बायको कारखान्यात दुपारपाळीला, तो सातपर्यंत बाजारात. चार ते सात घरात आजीचं राज्य. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी खेळू द्या. मैदानावर गाड्या उभ्या असत आणि गल्लीत धावत. उरला जिना. चिमणीने तीन दिवस जिन्यावर चढउतार केली, चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मग तो तिला पहाटे चालायला नेऊ लागला. परत आले की आजी दारातच दूध-बिस्किटं घेऊन उभी.

"आई, डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"पोर दमून आलीय, आणि तू डॉक्टर सांगतोस. आपल्या घराण्याची हाडंच जड."

हाडं वेगळी तोलायचा काटा अजून निघाला नव्हता, त्यामुळे वाद तिथेच थांबे.

दर रविवारी चिमणी घरच्या काट्यावर उभी राही. तबकडीकडे न बघता ती बापाच्या चेहऱ्याकडे बघे. पाचव्या रविवारी काटा एकोणपन्नासवर गेला. त्या आठवड्यात तिने बिस्किटाला हात लावला नव्हता. आजीची बोलणी खाल्ली होती, तेवढीच. ती खाली उतरून मोजे घालू लागली, आणि एक मोजा घालायला तिला फार वेळ लागला.

पुढच्या रविवारी ती उठायच्या आत त्याने खालचा स्क्रू दोन किलोंनी मागे फिरवला. रिकामा काटा शून्याच्या खाली जाऊन बसला, म्हणून ती वर उभी राहीपर्यंत तबकडीवर टॉवेल टाकून ठेवला. एखाद्या दुकानदाराने हे केलं असतं, तर त्याने चारचौघांत त्याची अब्रू काढली असती.

काटा सत्तेचाळीसवर थांबला आणि चिमणी हसली. आता उमेदीने वजन उतरेल, मग हळूहळू स्क्रू जागेवर आणू, असा त्याचा हिशोब होता. आजीही विरघळली. "वाळली गं माझी पोर," म्हणत तिने दुधात चमचाभर साखर वाढवली.

तीन महिने भरले. शाळेच्या काट्यावर एकोणपन्नास.

"तुमचा काटा चुकतोय," चिमणी नर्सबाईंना सगळ्या वर्गासमोर म्हणाली. "आमच्या घरी सत्तेचाळीस भरते मी. माझ्या बाबांचा काटा चुकत नाही."

नर्सबाईंनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्याला काटा तपासायला शाळेत बोलावणं आलं.

त्याने दहा किलोंचं वजन ठेवलं, दहा. वीस ठेवलं, वीस. मग काट्याचा पत्रा फडक्याने पुसला. तो काही मळलेला नव्हता. याही काट्याला खाली स्क्रू होता.

"काय म्हणता?" नर्सबाईंनी विचारलं.

चिमणी भिंतीला टेकून उभी होती. रविवारी बघे तशी बघत होती.

"बरोबर आहे काटा," तो म्हणाला.

वजाबाकी तिला येत होती. तिने मान हलवली, दप्तर उचललं आणि वर्गात गेली.

त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला. आजीने नातीचं तोंड बघितलं आणि काही न विचारता दूध-बिस्किटं पुढे ठेवली. चिमणीने एक बिस्किट उचललं.

"खाऊ का, बाबा?"

तो कोपऱ्यातल्या काट्यावरच्या टॉवेलकडे बघत बसला.

"खा गं," आजी म्हणाली. "त्याला काय विचारतेस."