आत्याबाई आणि अर्धा मासा

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माझं काही म्हणता काही आवडलं नाही, आणि हे त्यांनी लग्नाच्या मांडवातच सांगून टाकलं. "पोरगी दिसायला बरी हाय, पर खारट हाय," म्हणाल्या. मी गुहागरकडची, मासेमाराची लेक. त्या कराडजवळच्या उसातल्या. लेकानं लग्न परस्पर ठरवलं, हा राग त्यांनी जन्मभर माझ्यावरच काढला.

मटण-मासे शिजायचे ते मागच्या परड्यातल्या चुलीवर. "आत देव हायती," हे ठरलेलं. मी एकदा मंडईतून लेपे आणले. बाबांच्या जाळ्यात ते तळच्या वाळूतून यायचे. पापलेट बाजारात जायची, चपटे लेपे आमच्या ताटात. वरचं अंग मातकट, खालचं पांढरंफेक, आणि दोन्ही डोळे वरच्याच अंगाला.

आत्याबाईंनी लेपा उलटून पाहिला, पदर खोचला नि मला ओढत थेट मंडईत. "ए बये, आमी खेड्यातली म्हनून अर्धा मासा देतीस व्हय? दुसरं अंग कुणाला इकलंस?" मासेवालीनं पाटीतला एकेक लेपा उलटून दाखवला. सगळे तसेच! "म्हंजी लय जणांना फशिवलंस की गं!" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून घरात माझं नाव 'अर्ध्या माशाची'.

मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी त्यांनी म्हणावं, "आत कर." मीही याच घरची ना!

गेल्या वर्षी त्यांचं डावं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. नदीच्या माशाचे बारीक काटे घशात अडकायची भीती. लेप्याला मधोमध एकच काटा, तो ओढला की लुसलुशीत मांस. भर उन्हात परड्यात तळून मी घास भरवले. ताट चाटूनपुसून संपलं. मी वाट बघत बसले.

"उद्या बी आन," त्या म्हणाल्या. "पर बाहीरच कर." असा संताप आला मला!

दिवाळीआधी त्या गेल्या. नंतर एकदा लेपे आणले तेव्हा नवरा म्हणाला, "आता आतच तळ की. कोण बोलतंय?"

मी गॅस पेटवला, तवा ठेवला आणि हात चालेना. ते स्वयंपाकघर मला त्यांच्या तोंडून हवं होतं, त्या मेल्या म्हणून नव्हे. गॅस बंद केला, तवा उचलून परड्यात गेले. चुलीपुढं बसून आत्याबाईंना तोंडभर शिव्या घातल्या. मग तव्यातला लेपा उलटला.