पुढच्या बाजाराला येतो

बंद पडलेला कॉम्प्युटर आणि बसलेली म्हैस या दोघांनाही सारख्याच मायेने उठवणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा सख्खा दाजी आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम सेनगाव. उभी नोकरी गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात आणि तोवर गावात गोठ्यांपेक्षा झेरॉक्सची दुकाने जास्त झाली होती. मग त्यांनी पेशंट बदलले. पद्धत मात्र तीच ठेवली.

दाजी आल्याबरोबर कॉम्प्युटरकडे बघतसुद्धा नाहीत. आधी मालकाला समोर बसवून विचारतात, "काल काय खाल्लं यानं?" कुणाचा पेन ड्राइव्ह खुपसला, नवीन काय जोडले, लाईट किती वेळा गेली, ही सगळी हकीकत झाल्यावरच ते कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावतात. पंखा फिरतोय पण पडदा काळा असेल तर म्हणतात, "नुसता रवंथ करून राहिला. पोट साफ न्हाई." मग झाकण उघडून ब्रशने सोयाबीनच्या मळणीची धूळ झाडायची, मेमरीची पट्टी काढून लेकरांच्या खोडरबरने तिचे सोनेरी दात घासायचे आणि परत बसवताना "झालं हं राजा, झालं" असे पुटपुटायचे. तीनदा पीं करून अडून बसलेला कॉम्प्युटर यावर निमूट सुरू होतो, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

डब्यावर थापा मारणाऱ्याची मात्र खैर नसते. एकदा हिंगोलीला माझ्या घरी मीच वैतागून एक ठेवून दिली, तर दाजी हातातला चहा खाली ठेवून उठले. "मुक्या जनावरावर हात उचलता? मास्तर ना तुमी?" त्यांनी मला त्या डब्याची माफी मागायला लावली. मी मागितली. तो लगेच सुरू झाला, हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

पुसेगावच्या एका झेरॉक्सवाल्याकडे तर दाजींनी अर्धा तास तपासणी केली. वायरी ओढून पाहिल्या, पट्टी घासली, लंघन म्हणून दहा मिनिटे प्लग काढून ठेवला. दुकानापुढे ही गर्दी! शेवटी कळले की मॉनिटरचेच बटण बंद होते. दुसरा कोणी ओशाळला असता. दाजींनी गंभीरपणे जाहीर केले, "जनावर ठणठणीत हाय. फकस्त डोळे मिटून बसलं व्हतं."

इलाज झाला की त्यांचे निघतानाचे वाक्य ठरलेले: "पुढच्या बाजाराला येतो." टाके घातलेला बैल पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा बघायचा, ही दवाखान्यातली शिस्त. कॉम्प्युटर कितीही नीट चालत असो, बाजाराच्या दिवशी दाजी जीपमधून उतरणार, डब्याला कान लावणार आणि मान हलवणार. माझ्या घरी येताना मागोमाग ताईही उतरायची, तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन. "बघ रे," ती हसून म्हणायची, "माझा ताप बघाया कधी असे फिरून आले न्हाईत."

मागच्या उन्हाळ्यात ताई गेली. दाजींनी ब्रश आणि खोडरबर पिशवीत घालून पिशवी खुंटीला लावली, ती कुणासाठीच काढली नाही. बोलावणी यायची, तर "आता हात चालत न्हाई" म्हणून फोन ठेवून द्यायचे. ओट्यावर बसून राहायचे, अर्धे ताट तसेच सारायचे. हा माणूस असाच बसल्या बसल्या संपून जाईल अशी मला भीती वाटायला लागली. शेवटी मीच माझ्या कॉम्प्युटरचे झाकण उघडले, पट्टी हलकेच सैल केली आणि फोन लावला.

"दाजी, पीं पीं करून राहिलाय. पोरीचा फॉर्म भरायचा हाय."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "काल काय खाल्लं त्यानं?"

दुसऱ्या दिवशी दाजी आले. दाढी वाढलेली, पिशवी मात्र खांद्याला. त्यांनी कान लावला, झाकण काढले आणि ते आत बघतच राहिले. धुळीने भरलेल्या पट्टीवर माझी दोन बोटे स्वच्छ उमटली होती. मी छताकडे बघू लागलो.

"काहून हो मास्तर, ह्याला तर कायबी झालेलं न्हाई."

मग त्यांनी खोडरबर काढले आणि काहीही न झालेल्या त्या पेशंटची पट्टी सावकाश, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घासली. मधेच डोळे पुसले आणि धुळीला दोन शिव्या दिल्या. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या बाजाराला येतो."

आज बाजार आहे. कॉम्प्युटर उत्तम चालू आहे, हे त्याच्यावरच लिहितो आहे. आताच खिडकीतून पाहिले, कोपऱ्यावर सेनगावची जीप थांबली आणि दाजी एकटेच उतरले. हातात तुरीच्या डाळीची पिशवी होती.